किटलीतला दुखवटा

थोरले गेले ही बातमी हॉटेलात पोचली तेव्हा ताई बारच्या काउंटरवर लिंबं कापत होती. थोरले म्हणजे देशाचे थोरले. त्यांच्याआधी राज्य कोण करत होतं हे शाळेच्या पुस्तकात बघावं लागे, इतकी वर्षं ते होते. टीव्हीवर रडकं संगीत सुरू झालं आणि मॅनेजर गळ्यातला रंगीत टाय सोडवत जिन्यावरून धावत खाली आला.

"बार बंद! वरून आदेश आलाय. देशभर दुखवटा. दारू नाही, गाणं नाही, झगमगाट नाही."

"बंद?" ताईनं विचारलं.

"बंद म्हणजे बंद. कळत नाही का तुला? माणूस गेलाय!"

हातातली लिंबाची फोड ताईनं अशी आवळली की रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. कारण याच मॅनेजरनं, याच काउंटरला टेकून, ह्याच वर्षी तिला सांगितलं होतं की बार काही बंद ठेवता येत नाही. तेव्हाही माणूसच गेला होता. ताईचे बाबा.

त्या दिवशी सकाळपासून बाबांना धाप लागली होती. धाकट्या भावाचे फोनवर फोन येत होते. मॅनेजर म्हणाला होता, "हंगाम आहे ताई, वर पार्टी चाललीय, तुझ्याशिवाय काउंटर कोण बघणार? एवढं उरकून जा." ताईनं एवढं उरकलं, तोवर तिकडे बाबाच उरकले. ती घरी पोचली तेव्हा धाकटा सगळं आटपून, हातपाय धुऊन पायरीवर बसला होता. तो तिला एका शब्दानं बोलला नाही. नंतरही कधी बोलला नाही. ताई त्याच्याच घरात राहायची, लग्नाच्या भानगडीत ती कधी पडली नव्हती, त्यामुळे ते न बोलणं रोज सकाळ-संध्याकाळ ताटासमोर येऊन बसायचं. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटे.

आता पन्नाशी ओलांडलेली ही बुटकी, गुटगुटीत बाई हॉटेलात पाठीमागे 'मापटं' म्हणून ओळखली जाई. एक तर बांधा तसा, आणि दुसरं, पेल्यात एक थेंब जास्त नाही की कमी नाही. तिला ते नाव माहीत होतं. आवडतही होतं, पण तसं ती दाखवत नसे.

तिनं बाटल्यांवर पांढरी चादर घातली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरचाच फोन. "लवकर ये. दुसरं परिपत्रक आलंय."

दुसऱ्या परिपत्रकात म्हटलं होतं की मोठ्या हॉटेलांत उतरलेल्या परदेशी पाहुण्यांना आडोशाला, बेतानं, मद्य द्यायला हरकत नाही. देश रडत असला तरी पाहुण्यांची गैरसोय नको. छोट्या दुकानांचं, गल्लीतल्या गुत्त्यांचं त्यात नाव नव्हतं. त्यांनी शटर ओढून रडत बसायचं.

अडचण एकच होती. हॉटेलच्या बैठकीच्या दालनाला रस्त्याच्या बाजूनं उभ्या काचा होत्या, आणि थोरल्यांच्या अंत्यदर्शनाची रांग त्याच रस्त्यानं पुढे सरकत होती. हातात फुलं, दंडाला काळी फीत, कडेवर पोरं. एवढ्या लोकांसमोर पेले कसे मांडणार? मॅनेजरला त्यावर तोडगा सुचला आणि तो स्वतःच्या हुशारीवर बेहद्द खूश झाला. त्यानं कोठीतून सगळ्या चिनीमातीच्या किटल्या काढायला लावल्या.

"व्हिस्की म्हणजे काळा चहा. जिन म्हणजे पांढरा चहा. बिअर म्हणजे थंड चहा. कपातून द्यायचं. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, दुःखानं घशाला कोरड पडलीय बिचाऱ्यांच्या."

ताईनं आयुष्यात पुष्कळ पाहिलं होतं, पण किटलीच्या तोटीतून बिअर ओतायची वेळ तिच्यावर आली नव्हती. किटलीला फेफरं आल्यासारखा फेस बाहेर यायचा. पाहुणे एकमेकांना कोपरानं ढोसत हसायचे, मोबाइलवर किटलीचे फोटो काढायचे. काचेपलीकडे एक म्हातारी रांगेत उभ्या उभ्या डोळे पुसत होती, तीही त्यातल्या एका फोटोत आली असेल.

त्याच दुपारी फौजदार तपासणीला आला. चौकी कोपऱ्यावरच होती. दंडाला काळी फीत, मिशी ताजी कोरलेली.

"काय देता इथे?"

"चहा, साहेब," मॅनेजर म्हणाला.

फौजदारानं एक किटली उचलली, तोटीशी नाक नेलं, आणि खुर्ची ओढून बसला. "मग आम्हालाही द्या. काळा. दोन चमचे पाणी घालून."

तेव्हापासून त्याची तपासणी रोज होऊ लागली.

ताई हे सगळं मूग गिळून बघत होती. नोकरी होती, वय झालं होतं, आणि रागाचं काय करायचं हे माहीत नसलं की माणूस काम करतो. तिनं काम केलं. पण मग एक दिवस मागच्या दाराशी भावजय येऊन उभी राहिली. हात कोपरापर्यंत पिठाचे, पायात दोन वेगळ्या चपला.

"वन्सं, ह्यांना धरून नेलं."

"कुणाला?"

"ह्यांना! तुमच्या भावाला!"

धाकट्याचं हॉटेलमागच्या गल्लीत, घराच्याच खाली, बिअरचं छोटं दुकान होतं. आदेश आल्यापासून शटर खाली होतं. सकाळी एक परदेशी जोडपं शटर ठोठावत आलं. रस्ता चुकलेलं, उन्हानं लालबुंद झालेलं. धाकट्यानं आधी हातानं नाही म्हटलं, मग मानेनं नाही म्हटलं. बाई म्हणाली, आज माझा वाढदिवस. तेव्हा त्यानं मागच्या खिडकीतून दोन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. ते जोडपं गल्लीच्या तोंडाशीही पोचलं नव्हतं तोच फौजदार पुढ्यात.

"आणि ऐका," भावजयीचा आवाज फाटला, "त्यांना सोडलं! नुसतं सोडलं नाही, बाटल्या त्यांच्या त्यांना परत दिल्या, वर सलाम ठोकला! ह्यांना मात्र मानेला धरून नेलं. राष्ट्रीय दुःखाचा अपमान केला म्हणे. शटरला सील लावलं, वीजही तोडली."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आधी शहाण्यासारखं करून बघावं म्हणून ती मॅनेजरकडे गेली. फौजदार तुमच्या ओळखीचा, रोज इथे बसतो, एक शब्द टाका, म्हणाली.

मॅनेजरनं आरशात बघत काळी फीत सरळ केली. "ताई, घरच्या भानगडी कामावर आणू नयेत. मी काय सांगणार? कायदा आहे."

मग ती चौकीवर गेली. चौकीतही टीव्हीवर तेच रडकं संगीत लागलं होतं. फौजदार तिला बघून जागचा हलला नाही, पण आवाज मऊ ठेवला. "बसा ना ताई. काय आहे, अख्खा देश रडतोय, आणि तुमचा भाऊ बिअर विकतोय. शोभतं का? लोकांच्या भावना असतात."

"आणि तुम्ही रोज पिता ते?"

"चहा," फौजदार म्हणाला, आणि तिच्या डोळ्याला डोळा भिडवून हसला. "चहाला बंदी नाही."

कोठडीच्या गजांआड धाकटा भिंतीला टेकून बसला होता. सदऱ्याचं एक बटण तुटलेलं. तो एवढंच म्हणाला, "ताई, तू घरी जा. यात पडू नकोस."

ती घरी गेली नाही, हॉटेलात परतली. दालनात खिडकीजवळच्या टेबलावर तेच जोडपं बसलं होतं. भावजयीनं वर्णन केलं होतं तसंच, उन्हानं भाजलेलं. समोर थंड चहाची किटली. पाहुण्यांची भाषा ताईला कामापुरती येत असे. बाई कौतुकानं सांगू लागली, आज सकाळी एका गल्लीत इतका भला माणूस भेटला!

"तो माझा भाऊ," ताई म्हणाली. "तो कोठडीत आहे. तुम्हाला बिअर दिली म्हणून."

बाईचं लाल तोंड आणखी लाल झालं. नवऱ्यानं कप खाली ठेवला. "आम्ही पोलिसांना सांगितलं होतं, चूक आमची आहे. ते तर हसले. आम्हाला वाटलं, मिटलं."

"मग आता चला. चौकी कोपऱ्यावर आहे. हेच तिथे सांगा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "त्याचं असं आहे... उद्या आमचं विमान आहे. अडकवून ठेवलं तर?" आणि त्यानं खिशात हात घालून एक नोट बशीखाली सरकवली. ताईनं बशी उचलली, नोट तिथेच राहू दिली, आणि निघून गेली. तिला त्या बाईची कीवही आली आणि तिच्या झिंज्या उपटाव्यात असंही वाटलं.

त्याच दिवशी चार वाजता हॉटेलच्या त्याच दालनात शोकसभा होती. समोर थोरल्यांची मोठी तसबीर, कोपऱ्याला काळी फीत. शहरातले व्यापारी, त्यांच्या बायका, हॉटेलातले पाहुणे, पूर्ण गणवेशातला फौजदार, आणि कॅमेरा घेऊन आलेली टीव्हीवरची मुलगी. आधी मॅनेजरचं भाषण, मग दोन मिनिटं मौन, मग चहापान. मॅनेजर ताईच्या कानाशी लागला. "पहिल्या रांगेच्या किटल्या वेगळ्या. तुला ठाऊक आहे कुणाला काय. आणि तोंड जरा शोकाचं ठेव, असं मारक्या म्हशीसारखं नको."

ताई बारमध्ये गेली. बाटल्यांवरची चादर तिनं ओढून काढली, झटकली आणि घडी घालून ठेवली. मग फळीवरून पेले उतरवले. एकेक उजेडात धरून फडक्यानं पुसला. म्हातारा वेटर किटल्यांचा ट्रे घेऊन आत आला आणि थबकला.

"ताई, पेले?"

"हो."

"साहेबांनी किटल्या सांगितल्यात."

"दादा, तुम्ही नि मी इतकी वर्षं व्हिस्की कशात देतो?"

"पेल्यात."

"मग?"

तिच्या भावाचं म्हाताऱ्याच्या कानावर आलं होतं, ते सगळ्या हॉटेलच्या कानावर आलं होतं. त्यानं किटल्यांचा ट्रे खाली ठेवला, आत गेला आणि बर्फाची बादली आणून तिच्या शेजारी ठेवली. "बर्फ विसरलात," म्हणाला.

मौन सुरू झालं होतं. सगळे उभे, माना खाली. मॅनेजरनं तर डोळेही मिटले होते. त्या शांततेत दार उघडलं आणि ताई ट्रे घेऊन आत आली. पेल्यांतला बर्फ प्रत्येक पावलागणिक किणकिणत होता. आधी एका व्यापाऱ्याच्या बायकोनं मान वर केली, मग शेजारणीनं, मग टीव्हीवरच्या मुलीनं.

ताई फौजदारासमोर जाऊन उभी राहिली.

"साहेब, तुमची व्हिस्की," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण दुसरा कुठलाच आवाज नव्हता. "दोन चमचे पाणी घातलंय, रोजच्यासारखं."

आणि सवय ही चीज अशी असते की फौजदाराचा हात आपोआप पुढे आला आणि त्यानं पेला घेतला. घेतल्यावर त्याला कळलं. पण तोवर कॅमेरा वळला होता, पाच-पंचवीस मोबाइलही वळले होते, आणि पेला कुठे ठेवावा हे त्याला सुचेना. पुढे तसबीर, मागे लोक.

ताई पुढे सरकली. "मॅनेजरसाहेब, तुमची जिन. शेठ, तुमची ही, सोडा कमी." शेवटी ती खिडकीजवळच्या जोडप्याकडे गेली, दोन फेसाळ बिअर त्यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि त्यांच्या भाषेत म्हणाली, "घ्या. यासाठीच माझा भाऊ आत बसलाय."

"अगं बाई!" कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, आणि मौन संपलं.

मॅनेजरनं तिला दंडाला धरून कोठीघरात ओढलं. मागोमाग फौजदार आला, चेहरा जांभळा. "तुला आत टाकतो! राष्ट्राचा अपमान! सडवतो तुला!"

"टाका," ताई म्हणाली. भीती तिला शोधून सापडत नव्हती. "टाकताना लिहा मात्र, की हिनं दारू दिली. आणि ती कुणी घेतली, तेही लिहा. नुसता देणारा गुन्हेगार, आणि घेणारा पाहुणा, हे काय? चोर सोडून संन्याशाला फाशी? माझ्या भावानं दोन बाटल्या दिल्या त्या अपमानाच्या, आणि तुम्ही रोज टेबल अडवून ढोसता ती काय श्रद्धांजली?"

"हळू बोल!" मॅनेजर कळवळला. "बाहेर कॅमेरा आहे!"

"असू दे! माझे बाबा गेले तेव्हा नाही तुम्ही म्हणालात हळू बोल. तेव्हा म्हणालात, उरकून जा!"

मॅनेजरला ते आठवलंही नव्हतं. त्याच्या तोंडावर नुसता गोंधळ उमटला, हिचे बाबा कधी गेले असा. ते बघून ताईला वाटलं, बर्फाची ती बादली उचलावी आणि याच्या डोक्यावर उपडी करावी. बादली बाहेर राहिली होती म्हणून तो वाचला.

पुढचं बोलणं दबक्या आवाजात झालं. फौजदारानं सभा 'गैरसमजातून' विस्कळीत झाल्याचं जाहीर केलं, टीव्हीवरच्या मुलीला तिच्या वरिष्ठांचा फोन आला आणि तिनं कॅमेरा आवरला. मोबाइलांचं मात्र कुणाला काही करता येईना. अंधार पडायच्या आत धाकट्याला सोडायचं ठरलं. ताईनं परत तोंड उघडायचं नाही, आणि परत हॉटेलात पाऊल टाकायचं नाही. दोन्हीला ती हो म्हणाली. म्हाताऱ्या वेटरला एक नमस्कार करून ती मागच्या दारानं बाहेर पडली.

चौकीच्या पायरीवर धाकटा उतरला तेव्हा तिला वाटलं होतं, तो निदान हसेल. तो तरातरा पुढे चालू लागला. भावजय मध्ये, ताई मागे. गल्लीत शिरल्यावर तो गरकन वळला.

"तुला कुणी सांगितलं होतं ग? दोन दिवसांत सुटलो असतो मी. तो काय खातो ते मला माहीत आहे, चारून मोकळा झालो असतो. आता जन्मभर तो माझ्या मानेवर बसणार!"

"म्हणजे मी गप्प बसायचं होतं?"

"माझ्यासाठी केलंस का तू ते? खरं सांग. त्या मॅनेजरवरचा राग होता तुझा. वड्याचं तेल वांग्यावर काढलंस, आणि वांगं मी!"

ते अर्धं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. ताई म्हणाली, "हो. होता राग. आहे! तुझा नाही का? तू तर माझ्यावरचाही कधी काढला नाहीस. एकदा काढ की! काय म्हणायचंय ते म्हण एकदाचं!"

धाकट्यानं सील लावलेल्या शटरवर तळहात टेकला. मग म्हणाला, "दाराकडे बघत होते शेवटपर्यंत. मी म्हणत होतो, येतेय, ताई येतेय. मला खोटं पाडलंस तू बाबांपुढे."

ताई तिथेच दुकानाच्या पायरीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. धाकटा तिच्यापासून हातभर अंतरावर उभा राहिला. जवळ आला नाही, वर घरातही गेला नाही. भावजय पदर डोळ्याला लावून म्हणाली, "आत चला दोघं, गल्ली जमलीय."

दुखवटा संपला. झेंडे वर चढले, हॉटेलच्या बारवर पहिल्याच दिवशी झुंबड उडाली म्हणे. गल्लीतल्या सगळ्या दुकानांवरची बंदी उठली, धाकट्याच्या शटरवरचं सील तेवढं राहिलं. फाइल वर गेलीय, फौजदार म्हणे. ताई रोज सकाळी चौकीत जाऊन दारासमोरच्या बाकावर बसू लागली. काही बोलायची नाही, तसा शब्दच दिला होता. नुसती बसायची, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघून फौजदाराकडे बघायचा, कारण मोबाइलवरचं ते चित्र शहरभर फिरलं होतं. एके सकाळी धाकटा न सांगता येऊन तिच्या शेजारी बसला. मग रोजच येऊ लागला. शेवटी एक दिवस फौजदारानं हवालदाराच्या अंगावर किल्ली फेकली. "जा, उघडून दे त्यांचं. डोक्यावर मिरे वाटताहेत दोघं!"

शटर वर गेलं तेव्हा आतून वाफ आली. वीज तोडल्यावर शीतपेट्या बंद पडल्या होत्या आणि बंद खोलीत इतके दिवस ऊन तापलं होतं. धाकट्यानं एक बाटली फोडून चाखली आणि थुंकला. दुसरी, तिसरी, तेच. अख्खा माल आंबला होता.

भावजयीनं पदर खोचला, एक खोकं ओढत बाहेर आणलं आणि गटाराच्या कडेला बसकण मारली. पहिली बाटली उपडी करत ती म्हणाली, "ही त्या फौजदाराला. जळो त्याची मिशी."

"ही मॅनेजरला," ताई म्हणाली.

धाकट्यानं दोन बाटल्या एकदम उचलल्या. "या परिपत्रक काढणाऱ्याला. पहिलं आणि दुसरं, दोन्ही."

खोकी पुष्कळ होती. शिव्या कमी पडल्या तेव्हा त्यांनी त्याच पुन्हा दिल्या, अधिक जोरात, आणि गल्लीभर आंबूस फेस वाहत राहिला.